फडापर्यंत पोचणारा धडा

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पदवीच्या वर्गांना भूगोल शिकवते. पहिलं सत्र संपत येतं तसे आमचे वर्ग ओसरायला लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडं, काही थेट बेळगावपर्यंत ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या मागंपुढं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की परततात. दुसऱ्या सत्राचं शिकवणं बरोबर याच काळात होतं. आईवडिलांबरोबर गेलेली मुलं परीक्षेच्या तोंडावर येतात, झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स घेतात आणि जमेल तेवढं लिहून येतात. काही येतच नाहीत.

डिजिटल अध्यापनाच्या उजळणी वर्गाला मी नाव नोंदवलं ते या मुलांना डोळ्यांपुढं ठेवून. कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेसाठी, असं प्रशिक्षण लागतं हेही कारण होतंच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीनं पदोन्नतीसाठी उजळणी वर्गांबरोबर ‘मूक’ (MOOC), म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करण्याची किंवा चार भागांचं ई-साहित्य स्वतः तयार करण्याची वाटही उघडली आहे. त्यामुळं आमच्या पिढीतल्या पुष्कळ प्राध्यापकांनी पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला असेल.

ही व्यवस्था तशी जुनी. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमध्ये ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढं त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावानं चालतात. आमच्या आधीचे प्राध्यापक त्यासाठी विद्यापीठाच्या गावी मुक्काम करायचे. आता बरेच वर्ग ऑनलाइन होतात. दोन आठवडे, रोज सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत पडद्यासमोर. माझ्या गटात उदगीरचे मराठीचे सर होते, परभणीच्या रसायनशास्त्राच्या मॅडम, हिंगोलीचे वाणिज्यचे सर आणि विदर्भातले काही जण. मुक्कामी वर्गात चहाच्या टपरीवर ज्या गप्पा होतात त्या ऑनलाइनमध्ये होत नाहीत असं म्हणतात. आमच्या गटात त्या रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सॲपवर व्हायच्या, आणि त्यातून मला जे मिळालं ते सत्रांइतकंच मोलाचं होतं.

सुरुवातीची सत्रं साधनांची ओळख करून देण्यात गेली. गूगल क्लासरूम, मूडल, पॅडलेट, मेंटिमीटर, कहूत, एच५पी. मी प्रत्येक साधन मनापासून शिकले, वापरून पाहिलं. पण वहीत प्रत्येकाच्या पुढं एकच प्रश्न लिहीत गेले: हे वापरताना विद्यार्थ्याच्या फोनला त्याच क्षणी इंटरनेट लागतं का? बहुतेकांपुढं ‘हो’ आलं. मूडलचं मोबाइल ॲप मात्र साहित्य आधी उतरवून घेऊ देतं आणि शिक्षकानं परवानगी ठेवली असेल तर प्रश्नमंजूषाही नेटशिवाय सोडवू देतं. ती सोय मला फार आवडली. फक्त त्यासाठी महाविद्यालयाचा सर्व्हर आणि तो सांभाळणारं माणूस लागतं, आणि ग्रामीण महाविद्यालयात बहुधा दोन्ही नसतं.

मग एका मॅडमचं सत्र आलं. त्यांनी कुठलंच साधन दाखवलं नाही. आम्हाला एक कोरं पान घ्यायला लावलं आणि वर्गातल्या एका विद्यार्थ्याबद्दल लिहायला सांगितलं. जो सगळ्यांत लांब आहे तो. तो कशावर शिकतो, किती वाजता शिकतो, शेजारी कोण असतं, आणि तुमचा धडा झाल्यावर तो काय करून दाखवू शकेल? लिहिलेलं खरं आहे की आपला अंदाज, हे त्याला फोन करून विचारा, एवढाच गृहपाठ होता.

मी आदल्या हंगामाला जाऊन आलेल्या मुलांना फोन लावले. पाटोद्याकडचा एक जण म्हणाला, ‘मॅडम, दिसभर मोबाईल पप्पाकडं असतो. रातीला गाडी भरून आलं की आपल्या हातात येतो.’ दुसऱ्यानं सांगितलं, ‘कोपीत रेंज न्हाई येत. रोडला आलं की येती, तव्हा डाउनलोड करून घ्यायचं.’ कोपी म्हणजे तोडीवरची राहायची झोपडी. एका मुलीनं सांगितलं की पहाटे तोडीला जायचं असल्यानं रात्री दिवा लवकर घालवतात, त्यामुळं वाचायला जमत नाही, ऐकायला जमेल. रिचार्जचा प्रश्न फारसा कुणी काढला नाही, रोजचा डेटा असतो. अडतं ते रेंजवर, चार्जिंगवर आणि फोन कुणाच्या हातात आहे यावर.

त्या फोननंतर माझं पान भरलं आणि पुढचं सगळं काम त्या पानानं ठरवलं. धडा एकदाच उतरवून घेता आला पाहिजे. नेटशिवाय चालला पाहिजे. अंधारात ऐकता आला पाहिजे. आणि ऐकून झाल्यावर हातानं करण्यासारखं काहीतरी हवं, कारण भूगोल हातानं केल्याशिवाय येत नाही.

धड्याचं उद्दिष्ट लिहिण्यावर प्रशिक्षणात बराच वेळ दिला होता. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली आणि २००१ मध्ये अँडरसन व क्रॅथवोल यांनी सुधारलेली उद्दिष्टांची उतरंड आम्ही बी.एड. केलेल्यांकडून ऐकून होतो. पदवीला शिकवणाऱ्याला ती सहसा कुणी शिकवत नाही. नेट-सेट झालं, पीएच.डी. झाली की शिकवता येतं असं धरूनच आपली नेमणूक होते. आमच्या अभ्यासक्रमात लिहिलेलं असतं, ‘विद्यार्थ्यांना पाणलोट क्षेत्राची संकल्पना समजेल.’ मार्गदर्शकांनी विचारलं, समजली हे तुम्हाला दिसणार कशावरून? मी लिहिलं: विद्यार्थी दिलेल्या नकाशावर पाणलोटाची सीमा पेन्सिलीनं आखेल, प्रत्येक प्रवाहाला श्रेणी देईल आणि प्रवाहांची एकूण लांबी मोजून त्या क्षेत्राची प्रवाह घनता (दर चौरस किलोमीटरला प्रवाहांची लांबी किती) काढेल. असं लिहिताच माझा धडा अर्धा तयार झाला, कारण नकाशा, पेन्सिल आणि मोजमाप एवढंच लागणार हे उघड झालं. प्रवाहांना श्रेणी देण्याची हॉर्टननं १९४५ मध्ये मांडलेली आणि स्ट्रॅलरनं पुढं सुधारलेली रीत अगदी सोपी आहे. उगमाकडचे, ज्यांना कुणीच येऊन मिळत नाही ते प्रवाह पहिल्या श्रेणीचे. पहिल्या श्रेणीचे दोन एकत्र आले की दुसरी. दुसरीचे दोन मिळाले की तिसरी. लहान श्रेणीचा प्रवाह मोठ्याला मिळाला तर मोठ्याची श्रेणी बदलत नाही. एवढं सांगायला काही मिनिटं पुरतात. बाकीचं काम विद्यार्थ्याचं.

नकाशा मी स्वतः तयार करायचं ठरवलं. इंटरनेटवरून उचललेली चित्रं धड्यात वापरायची तर परवाना बघावा लागतो, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या सत्रात आम्हाला ते नीट शिकवलं होतं. शिवाय पुस्तकातल्या आकृतीतलं खोरं कुठलं तरी असतं. मला मांजरेचं हवं होतं. मांजरा आमच्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमधून रडारनं पृथ्वीच्या बऱ्याच भागाची उंची मोजली गेली. ती माहिती आज सुमारे ३० मीटरच्या चौकोनांत कुणालाही मोफत मिळते. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था दूरसंवेदन आणि जीआयएसचे (संगणकावरच्या नकाशा-माहितीचे) विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसचे धडे आहेत. या दोन्हींच्या आधारानं मी उंचीच्या माहितीवरून ओढे-नाले काढायला शिकले. पाणी उताराकडं वाहतं या एका नियमावर संगणक प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या सखल चौकोनात ढकलत जातो आणि जिथं पुष्कळ चौकोनांचं पाणी जमतं तिथं प्रवाह दाखवतो. पडद्यावर आमच्या गावाशेजारचा ओढा उमटला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

आता खरी अडचण पुढं आली, आणि ती मला फार शिकवून गेली. प्रात्यक्षिकाच्या वर्गात आपण टोपोशीटवर, म्हणजे छापील भूरूप नकाशावर, दोरा ठेवून नदीची लांबी मोजतो. नकाशा १:५०,००० चा असेल तर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, हिशोब सरळ. तोच नकाशा फोनच्या पडद्यावर आला की प्रत्येक जण दोन बोटांनी तो लहान-मोठा करतो, आणि १:५०,००० या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ‘२ सेंटिमीटरला १ किलोमीटर’ अशा शब्दप्रमाणाचंही तेच. टिकतं ते फक्त रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावरच आखलेली किलोमीटरची रेषा, कारण नकाशाबरोबर ती रेषाही तेवढीच मोठी किंवा लहान होते. पहिल्या वर्षाला नकाशा प्रमाणाचे तीन प्रकार शिकवताना रेषाप्रमाणाचा हा गुण आपण एका वाक्यात सांगून पुढं जातो. पुस्तकात लिहिलेलं असतं की नकाशाची प्रत लहान-मोठी केली तरी रेषाप्रमाण बदलत नाही. ते वाक्य मुलांना पाठ असतं. फोनवर त्याला काम मिळालं.

म्हणून मी प्रत्येक नकाशात किलोमीटरची ठळक रेषा प्रवाहांच्या अगदी जवळ घेतली, म्हणजे नकाशा मोठा केला तरी ती पडद्याबाहेर जाणार नाही. सूचना अशी केली: नकाशा हवा तेवढा मोठा करा, मग त्याला हात लावू नका. दोरा ओढ्याच्या वळणांवरून फिरवा, तोच दोरा रेषाप्रमाणावर ठेवा. पुन्हा नकाशा लहान करा आणि परत मोजा. दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं पाहिजे. दोरा नसेल तर गवताची लवचीक काडी चालते.

व्हिडिओ की नुसता आवाज, यावर गटात बरीच चर्चा झाली. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला दाखवला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या आतबाहेर टिकतो, असं त्यात दिसलं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातली एक गोष्टही मनावर ठसली: पडद्यावर लिहिलेलं तसंच्या तसं वाचून दाखवलं तर शिकण्याला मदत होण्याऐवजी अडथळा येतो. आपल्याकडच्या कितीतरी पीपीटी व्याख्यानांचा विचार करून पाहा.

मी दोन रूपं केली. एक नुसता आवाज आणि त्याबरोबर नकाशाचं वेगळं चित्र. दुसरं रूप छोट्या व्हिडिओचं, ज्यात नकाशा स्थिर राहतो आणि माझी पेन्सिल फिरते. आवाजासाठी हिशोब साधा आहे. ३२ केबीपीएस दरानं साठवलेला सहा मिनिटांचा आवाज दीड एमबीच्या आत बसतो, आणि बोलण्यासाठी हा दर पुरेसा असतो. रस्त्यावर उभं राहून रेंज येते तेवढ्यात तो उतरतो. व्हिडिओचा आकार हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरनं कमी केला. चित्र स्थिर असलं की फाइल फारशी फुगत नाही, मागं हलती पार्श्वभूमी घेतली की फुगते. ध्वनिमुद्रण घरातच केलं. आतल्या खोलीच्या भिंतींवर वाकळी टांगल्या की आवाजाचा घुमारा जातो. पंखा बंद, फोन विमान स्थितीत, आणि शेजारी सांगून ठेवलेलं की दळण टाकायचं तर नंतर टाका. महागडा माइक लागत नाही. कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक पुरतो, तोंडापासून वीतभर अंतरावर.

तयार केलेला धडा गटातल्या दोघांनी तपासायचा, असा प्रशिक्षणाचा नियम होता. माझा धडा उदगीरच्या मराठीच्या सरांकडं गेला. त्यांचा भूगोलाशी संबंध नाही, म्हणूनच त्यांचं परीक्षण मला अमूल्य वाटलं. त्यांनी फक्त आवाज ऐकला, नकाशा न उघडता. मग लिहिलं: ‘मॅडम, तुम्ही “इथं बघा” म्हणता. रात्री अंधारात ऐकणाऱ्या मुलाला इथं म्हणजे कुठं?’ मी पुन्हा बोलले. आता आवाजात येतं: नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी अ लिहिलंय, तिथून निघालेली रेषा खाली येऊन ब पाशी दुसऱ्या रेषेला मिळते. ठिकाणाला अक्षर, दिशेला नाव, अंतराला आकडा. या पद्धतीचा आणखी एक उपयोग झाला. आमच्याकडं एक विद्यार्थी आहे ज्याला जवळजवळ दिसत नाही. त्याला हा धडा वर्गातल्या माझ्या तासापेक्षा जास्त कळला, असं त्यानं स्वतः सांगितलं. त्याच्यासाठी आम्ही नकाशातल्या रेषांवर फेव्हिकॉलनं सुतळी चिकटवली.

त्याच विद्यार्थ्यामुळं जुन्या नोट्सचा विषयही हाती घ्यावा लागला. आमच्या विभागातल्या वर्षानुवर्षांच्या मराठी नोट्स डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या छापल्या की मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फोनचं वाचून दाखवणारं ॲप त्या उघडून निरर्थक आवाज काढतं, आणि त्यांत शब्दही शोधता येत नाही. युनिकोडमध्ये आणलेला मजकूर कुठल्याही फोनवर दिसतो, वाचला जातो, शोधला जातो. रूपांतर करणारी साधनं मिळतात, मात्र जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावेच लागतात. डिजिटल कौशल्याच्या कुठल्याही मराठी प्रशिक्षणात पहिला तास यासाठी असावा असं माझं ठाम मत आहे. तो आमच्या वर्गात नव्हता. उदगीरच्या सरांनी रात्रीच्या गप्पांत आम्हाला ते शिकवलं.

गळीत हंगामाच्या आधीच, मुलं गावात असताना, महाविद्यालयाच्या वायफायवरून सगळे धडे त्यांच्या फोनमध्ये भरून दिले. उत्तर द्यायची रीत सोपी ठेवली: कागदावर काम करायचं, फोटो काढायचा, रेंज येईल तेव्हा पाठवायचा. तारखेची सक्ती नाही. मी प्रत्येकाला आवाजातच अभिप्राय पाठवत होते, नावानं हाक मारून, एका मिनिटाच्या आत. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या गावाचा नकाशा दिला होता, त्यामुळं कुणाचं उतरवून काढायचा प्रश्नच आला नाही.

उत्तरं यायला लागली. घडीच्या वहीचे कागद, उसाच्या पाल्याचे तुकडे चिकटलेले, कधी पेन्सिलीऐवजी पेनानं. आष्टी तालुक्यातल्या एका मुलानं आपल्या गावच्या ओढ्याचा माग काढत काढत नकाशाच्या कडेपर्यंत नेला आणि विचारलं, हे पाणी पुढं कुठं जातं? मी सांगितलं, तुमच्याकडचं सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. त्याची टोळी त्या वेळी शिरोळ तालुक्यात होती, कृष्णेच्याच काठाला. त्याचा आवाज आला, ‘मंजी मॅडम, आमच्या आष्टीचं पाणी आन् हितलं पाणी शेवटी एकाच नदीत जातंय.’ पाटोद्याच्या मुलानं त्यावर लगेच स्वतःचा नकाशा पाठवला: त्याचं पाणी मांजरेतून गोदावरीला. दोन शेजारचे तालुके, मधे बालाघाट, आणि पाण्याच्या दोन वेगळ्या वाटा. जलविभाजक ही गोष्ट मी वर्षानुवर्षं फळ्यावर आखून शिकवते. आपापल्या गावाहून इतक्या लांब राहून ती या दोघांनी एकमेकांना शिकवली.

आणखी एकानं विहिरीच्या कडेचा फोटो पाठवला. कृष्णाकाठची काळी माती पुरुषभर खोल दिसत होती. ‘आपल्याकडं हातभर उकरलं की मुरूम लागतो. नदी जवळ हाय म्हणून का?’ या प्रश्नासाठी माझ्याकडं धडा तयार नव्हता. त्याच आठवड्यात तयार केला: बेसॉल्ट, म्हणजे आपल्याकडचा काळा खडक, जागच्या जागी झिजून तयार झालेली माती आणि पुरानं वाहून आणलेली गाळाची माती, डोंगरमाथ्यावर पातळ का राहते आणि नदीकाठी थर का चढतात. तो धडा आता वर्गातल्या मुलांनाही ऐकवते आणि तो फोटो दाखवते.

वर्गात हजर असलेल्यांसाठी प्रशिक्षणाचा उपयोग वेगळ्या दिशेनं झाला. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, १० मीटरपर्यंत बारकावा असलेली. उपग्रहानं टिपलेल्या प्रकाशातल्या हिरव्या आणि अवरक्त पट्ट्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेनं भागलं की पाणी उठून दिसतं. आम्ही धनेगावच्या मांजरा धरणाचं २०१६ च्या उन्हाळ्यातलं चित्र घेतलं, त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि पावसाळ्यानंतरचं चित्र त्याच्याशेजारी ठेवलं. पाण्याखालचं क्षेत्र मुलांनी स्वतः मोजलं. तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत होती. टँकरच्या रांगेत घागर धरून उभं राहिल्याचं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आठवतं. मोजताना वर्गात कुणी बोलत नव्हतं, मग सगळे एकदम बोलायला लागले.

एवढ्यानं सगळं सुटलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुलींची उत्तरं फार कमी आली. घरातला फोन आधी वडिलांकडं, मग भावाकडं. तोडीवरून आलेल्या मुलीला स्वयंपाक, पाणी, धाकटी भावंडं. काहींची लग्नं हंगामाच्या आधीच उरकली जातात, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि उचल कोयत्यावर मिळते. माझ्या दीड एमबीच्या फाइलनं हे बदलत नाही. मी एवढंच केलं की काही मुलींसाठी धडे मेमरी कार्डात भरून दिले, जे साध्या बटणाच्या फोनमध्येही वाजतं, आणि उत्तरं कागदावर परत आणायला सांगितली. त्या कागदांची वाट मी अजूनही पाहते.

वर्गात हजर न राहता क्रेडिट मिळवण्याच्या नियमाचंही तसंच आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट विद्यार्थ्याला स्वयम या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून मिळवता येतात. ही वाट चांगलीच आहे. पण त्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि तोडीवरच्या मुलाला त्यासाठी एका दिवसाची मजुरी आणि प्रवास सोसावा लागतो. अंतर्गत मूल्यमापन मात्र आपल्या हातात आहे. ते मी या कागदांवर करते, आणि माझ्या विभागानं त्याला मान्यता दिली याचं मला समाधान आहे.

प्रशिक्षण देणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. दोन आठवड्यांत साधनं कमी दाखवा, पण आमच्याकडून एक धडा पूर्ण करून घ्या, आमच्याच विद्यार्थ्यासाठी, आमच्याच भाषेत. तपासायला दुसऱ्या विषयाचा माणूस द्या. आणि हंगाम संपल्यावर पुन्हा एकदा बोलवा, त्या धड्याचं काय झालं ते ऐकायला. पदोन्नतीच्या कागदात त्या फेरभेटीला जागा मिळाली तर लोक नक्की येतील.

या दिवाळीआधी मला हवामानाच्या नोंदींचा आणि नकाशा प्रक्षेपणांचा धडा तयार करायचा आहे. नोंदींचं सोपं आहे, रोज सकाळी थंडी, धुकं, वाऱ्याची दिशा लिहायची. पहाटे फडात असणाऱ्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत, अवघड आहे, कारण गोल पृष्ठभाग सपाट करताना काय बिघडतं ते पडद्यावर पाहून पटत नाही. परभणीच्या मॅडमनी सुचवलंय की मोसंबीवर पेनानं रेखावृत्तं आखायला सांगा आणि साल अखंड उतरवून कागदावर दाबायला लावा. घरी करून पाहिलं तर साल ध्रुवांपाशी फाटते आणि विषुववृत्तापाशी नीट बसते, म्हणजे नेमकं जे दाखवायचं ते दिसतं. आता त्याच्या सूचना फक्त आवाजात, कुठंही ‘इथं’ न म्हणता, सांगता येतात का ते बघायचं आहे. मुद्रण झालं की उदगीरच्या सरांकडंच आधी पाठवणार आहे.